पप्पा गेल्यापासून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणवत नाही

एका मुलीने मला पत्रात लिहिलं आहे ते थोडक्यात असं. वय सत्तावीस, नोकरी पुण्यात, घर नगर जिल्ह्यात. वडील निवृत्त शिक्षक, चर्चच्या मंडळीत बावीस वर्षं पेटी वाजवणारे. मार्चमध्ये मेंदूत रक्तस्राव झाला, अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते, बाराव्या दिवशी पहाटे गेले. त्या दिवसांत घरच्यांनी उपास केले, साखळी प्रार्थना ठेवली, बाहेरगावच्या मंडळ्यांनीही साथ दिली. आता आठ महिने झाले. आई फारशी बोलत नाही, धाकटा भाऊ चर्चला येत नाही. ही जाते, पण मागच्या बाकावर बसते, आणि प्रभूची प्रार्थना सुरू झाली की 'पित्या' या शब्दापाशी घसा दाटतो. लोक म्हणतात, 'आपण ख्रिस्ती, आपल्याला आशा आहे, रडायचं नाही.' एकाने तर विश्वास कमी पडला असंही ऐकवलं. तिचे प्रश्न तीन: मी रडते, चिडते, हा अविश्वास आहे का? आमची प्रार्थना ऐकली का गेली नाही? आणि विश्वासाने सामर्थ्य मिळतं म्हणतात ते कुठून येतं? मला तर ते सापडत नाही.

बाळ, जय ख्रिस्त.

मी तीस वर्षं चर्चमध्ये पाळक आहे. दफनविधी किती केले ते मोजलेले नाहीत, पण तीनशेच्या वर नक्की असतील. कबरीवर पहिली मूठ माती टाकताना लेकरांचे चेहरे मी इतक्या जवळून पाहिले आहेत की तुझं पत्र वाचताना तुझा चेहरा मला दिसला म्हटलं तरी चालेल. आणि माझे वडील गेले तेव्हा मी सेमिनरीत दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे तुझ्याहून लहान. त्यामुळे जे लिहितो त्यातलं थोडं शास्त्रातून आहे, थोडं कामातून, आणि थोडं अंगावरून गेलेलं.

आधी रडण्याचं. 'ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका' असं प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं. आपल्याकडे सांत्वनाच्या उपासनेत हे वचन हमखास वाचलं जातं, आणि अर्धंच ऐकलं जातं. पौल खेद करू नका म्हणत नाही; आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. म्हणजे खेद होणार हे त्याने धरलेलंच आहे. जुन्या करारातल्या योसेफाचं बघ, याकोबाच्या मुलाचं. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, फारोच्या खालोखाल त्याचा अधिकार. बाप मेला तेव्हा तो बापाच्या तोंडावर पडून रडला, त्याचे मुके घेतले. मिसरी लोकांनी सत्तर दिवस शोक केला, आणि कनानाच्या वाटेवर आटादच्या खळ्यापाशी योसेफाने पुन्हा सात दिवस. अख्ख्या देशाचं धान्य सांभाळणारा माणूस खळ्यावर बसून बापासाठी रडतो, आणि त्याला कोणी अविश्वासू म्हणत नाही.

पण माझा खरा आधार योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय. कृपा करून तो एकदा सावकाश वाच, उपदेश ऐकल्यासारखा नको, शेजारच्या घरात काय घडलं ते ऐकतो तसा. मार्था आणि मरिया या बहिणींचा भाऊ लाजर आजारी असल्याचा निरोप येशूला मिळाला होता. तरी तो आहे तिथे आणखी दोन दिवस राहिला. पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था वेशीबाहेर गेली आणि पहिलं वाक्य काय बोलली? 'प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.' मरिया घरात बसून होती. ती नंतर गेली आणि तिनेही अक्षर न् अक्षर तेच वाक्य म्हटलं. मला नेहमी वाटतं की ते चार दिवस त्या दोघी बहिणी घरात हेच एकमेकींना म्हणत असणार. ही तक्रार आहे. समोर उभं राहून, तोंडावर केलेली. आणि येशू दोघींपैकी एकीलाही दटावत नाही. मार्थाशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो, कारण तिला बोलायचं होतं. मरियेशी तो काही बोलतच नाही. 'त्याला कोठे ठेवले आहे?' एवढंच विचारतो. आणि मग शास्त्रातलं ते दोनच शब्दांचं वचन: 'येशू रडला.'

थोड्याच वेळात लाजर जिवंत होऊन कबरेतून बाहेर येणार हे त्याला ठाऊक होतं. तरीही रडला. पुनरुत्थान ज्याच्या हातात आहे तोच कबरेपाशी रडला, तर ज्याला पुनरुत्थानाची नुसती वाट पाहायची आहे त्याने रडू नये असं कोण सांगणार? तुला 'रडू नको' म्हणणाऱ्यांवर रागावू नकोस, त्यांना तुझं रडणं बघवत नाही म्हणून ते तसं म्हणतात. पण त्यांचं ऐकूही नकोस.

'मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांस पुरू द्या' हे वचन कुणी तुझ्यासमोर वाचलं असेल, म्हणून तेही सांगतो. ते वचन शिष्य व्हायला टाळाटाळ करणाऱ्या माणसाला उद्देशून आहे. आईबापांचं करायला लागू नये म्हणून 'ते देवाला अर्पण केलं आहे' अशी पळवाट काढणाऱ्यांना त्याच येशूने कडक शब्दांत झापलं होतं. शोक करणाऱ्या लेकरावर त्याने ते वाक्य कधी टाकलेलं नाही.

आता 'पित्या' या शब्दाचं. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

देवाला पिता म्हणायला आपण शिकतो ते आपल्या बापाकडे बघून. लहानपणी तो शब्द तुझ्या कानावर पडला तेव्हा पेटीवर बसलेले पप्पा समोर होते. तो शब्द आणि तो माणूस एकाच जागी रुजले. आता माणूस गेला, आणि शब्द उच्चारायला गेलीस की ती मोकळी जागा उघडी पडते. यात विश्वास कुठे कमी पडला? उलट तू तो शब्द पोकळ म्हणत नव्हतीस, खरा म्हणत होतीस, म्हणून तो आता अडतो.

आपल्या प्रभूच्या घरचंही बघ. तो बारा वर्षांचा असताना यरुशलेमेच्या मंदिरात सापडतो, तेव्हा त्याचा घरातला बाप, सुतार योसेफ, सोबत आहे. त्यानंतर शुभवर्तमानांत योसेफ कुठेही दिसत नाही. नासरेथचे लोक येशूला 'मरियेचा मुलगा' म्हणतात. वधस्तंभावरून तो आईला शिष्याच्या हाती सोपवतो. घरचा कर्ता पुरुष हयात असता तर तसं करायची गरज पडली नसती. मंडळीची जुनी समजूत अशी की योसेफ मधल्या काळात वारला. शास्त्र ते स्पष्ट सांगत नाही, पण मलाही तसंच वाटतं. म्हणजे ज्याने आपल्याला 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला शिकवलं, त्यानेही बहुधा घरातला बाप, हातात रंधा धरायला शिकवणारा बाप, पुरलेला होता. धरला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याच्या तोंडून 'अब्बा' निघालं, ते घरातलं लेकराचं बापाला हाक मारणं आहे. त्या रात्री तो शब्द त्यालाही सोपा गेला असेल असं मला वाटत नाही.

मग करायचं काय? मी सेमिनरीतून अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दफनाला घरी गेलो आणि परत आलो तेव्हा चार महिने मला प्रार्थना करता आली नाही. पाळक व्हायला निघालेला मुलगा, आणि सकाळच्या भक्तीत नुसते ओठ हलवतो. सुटीत गावी गेलो की मंडळीतली एक म्हातारी आमच्याकडे यायची. शाळेची पायरी कधी चढलेली नाही, पण निम्मी भजनं पाठ. शनिवारी संध्याकाळी फडक्यात दोन भाकरी आणि वाटीभर पिठलं आणायची, आईशेजारी भिंतीला टेकून बसायची, काही बोलायची नाही. एकदा तिने मला विचारलं, "प्रार्थना करतोस का रं?" खोटं बोलवेना. म्हणालो, "नाही जमत, आजी." तिला काही धक्का वगैरे बसला नाही. म्हणाली, "नको करूस. मी तुझ्या वाटची करते. जमंल तवा तू कर."

तुझ्या वाटची. मी नंतर धर्मशास्त्राची बरीच पुस्तकं वाचली, पण मंडळी म्हणजे काय हे मला त्या शब्दाने कळलं. कपेर्णहूमात चौघांनी पक्षघाती माणसाची बाज उचलली, छप्पर उस्तरलं आणि त्याला येशूपुढे खाली सोडलं. शुभवर्तमान सांगतं, येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. बाजेवरचा माणूस एक शब्दही बोललेला नाही. सध्या तू बाजेवर आहेस. सगळी मंडळी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणत असते तेव्हा तू गप्प उभी राहा. त्या प्रार्थनेत 'माझ्या' नाही, 'आमच्या' आहे. तू न म्हटलेला शब्द शेजारची बाई म्हणते आहे. आणि तुझ्या घशात जो आवंढा येतो तोही वाया जात नाही. पवित्र आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असं पौल रोमकरांस लिहितो. कण्हण्याला शब्द लागत नाहीत.

घरी एकटी असशील तेव्हा स्वतःचे शब्द जुळवत बसू नकोस, स्तोत्रांचे उसने घे. तेरावं स्तोत्र सहाच वचनांचं आहे आणि त्यातल्या पहिल्या दोन वचनांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे, उपासनेत गायला ठेवलेलं आहे. देवाच्या ग्रंथात देवावर चिडलेल्या माणसांना जागा आहे. सत्ताविसाव्या स्तोत्रातलं 'माझ्या आईबापांनी मला सोडले तरी परमेश्वर मला जवळ करील' हे वचन मात्र आत्ता जमलं नाही तर बाजूला ठेव. ते पुढे कधीतरी आपणहून हाती येईल.

तुझा दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि त्याचं सोपं उत्तर देणारा माणूस भेटला तर सावध राहा. विश्वास कमी पडला म्हणून पप्पा गेले, हे मी स्पष्टपणे नाकारतो. असं सांगणाऱ्याने मार्थेचं घर वाचलेलं नाही आणि गेथशेमानेही वाचलेलं नाही. 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' ही पुत्राची प्रार्थना होती. त्याचा विश्वास कमी होता का? प्याला दूर झाला नाही. मग देवाने का ऐकलं नाही? मला माहीत नाही. तीस वर्षांनंतरही माहीत नाही. 'देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात' हे वाक्य मी कुठल्याही घरात उच्चारत नाही. लेकरांच्या घरातून बाप उचलून नेणारा देव मला शुभवर्तमानात कुठे भेटलेला नाही. शास्त्र मरणाला शत्रू म्हणतं, शेवटचा शत्रू. तुझे पप्पा त्या शत्रूच्या हातून गेले आणि त्याला जिंकणाऱ्याच्या हातात आहेत. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो, त्यापुढचं नाही.

त्या अकरा दिवसांच्या प्रार्थना कुठे गेल्या असंही तू विचारलंस. मी हॉस्पिटलच्या बाकांवर पुष्कळ रात्री काढल्या आहेत. बेशुद्ध माणसाला शेवटी काय ऐकू येतं ते कोणालाच सांगता येत नाही. पण ज्याने बावीस वर्षं मंडळीला सूर दिला, त्याच्या उशाशी त्याची लेक अकरा दिवस हळू आवाजात भजन म्हणत होती, हे तूच लिहिलं आहेस. ते वाया गेलं असं मी तरी म्हणणार नाही.

आता सामर्थ्य. तुझ्या डोक्यात त्याचं जे चित्र आहे ते मला वाटतं चुकीचं आहे, आणि ते आम्हीच व्यासपीठावरून उभं केलेलं आहे. तू कणगीभर धान्याची वाट पाहते आहेस: एकदा देवाने भरून दिलं की पुढची वर्षं चिंता नाही. तसं ते येत नाही. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळायचा तो रोज सकाळी, त्या दिवसापुरता. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला त्यांच्या भांड्यात किडे पडले. प्रभूच्या प्रार्थनेतही मागणं 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे' एवढंच आहे. रोजची आणि आज. भाकरी सकाळी थापलेली दुपारपर्यंत बरी लागते, दुसऱ्या दिवशी कडक होते. विश्वासाचं बळ मी तरी असंच अनुभवलं आहे. आजचा दिवस पार पडतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर कळतं की अरे, पार पडला. उद्याचं बळ आज हातात नसतं, म्हणून माणसाला वाटतं की आपल्याजवळ काहीच नाही. तू आठ महिने नोकरी केलीस, आईला रोज फोन केलास, दर पंधरवड्याला गावी गेलीस, रडत का होईना उपासनेला बसलीस. ती भाकर कुठून आली?

आणि देहाला विसरू नकोस. एलीया संदेष्टा 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणून रतामाच्या झुडपाखाली पडला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने त्याला स्पर्श करून उठवलं: निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाणी, ऊठ, खा. तो खाऊन परत झोपला. परत उठवलं, परत खायला दिलं. होरेब डोंगरावरचा मंद वाणीचा आवाज त्यानंतर चाळीस दिवसांनी. तू रात्री एक-दीडपर्यंत जागी असतेस आणि डबा अर्धा परत आणतेस असं लिहिलंस, म्हणून हे सांगतो. वेळेवर जेव, संध्याकाळी अर्धा तास चाल, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव. महिनाभर हे करूनही झोप येत नसेल, कामात काही सुधरत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. आणि 'आपणही नसतो तर बरं' असं मनात एकदा जरी आलं, तर थांबू नकोस, त्याच दिवशी कोणाला तरी सांग. शासनाची टेली मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ वर मराठीत बोलता येतं. गोळी घेतल्याने विश्वास कमी होत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता.

पप्पांचं पवित्र शास्त्र कपाटात फडक्यात बांधून ठेवलं आहे, उघडायची हिंमत होत नाही, असं तू शेवटी एका ओळीत लिहिलंस. त्याबद्दल माझी एक गोष्ट सांगतो.

अण्णा अल्पभूधारक, कोरडवाहू चार एकर. सातवी शिकलेले. त्यांचं शास्त्र दफनानंतर वर्षभर मीही उघडलं नव्हतं. उघडलं तेव्हा त्यातून एक चष्म्याची काडी पडली, बियाण्याची पावती निघाली, आणि पानापानाला पेन्सिलीच्या खुणा. बहुतेक ठिकाणी नुसती रेघ. पण सदतिसाव्या स्तोत्रात एक वचन आहे: मी तरुण होतो, आता म्हातारा झालो, तरी नीतिमान निराश्रित झालेला किंवा त्याची संतती भीक मागताना मी पाहिली नाही. त्या वचनाशेजारी समासात अण्णांनी '१९७२' लिहिलं होतं, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

बहात्तरचा दुष्काळ. त्या वर्षी आई-अण्णा दोघंही खडी फोडायला जात होते, सुकडीवर दिवस काढले होते. माझ्या डोळ्यांसमोरचे अण्णा म्हणजे रविवारी पहिल्या बाकावर बसणारे, कधी शंकेचा शब्द न काढणारे. आणि इथे त्यांनी देवाच्या वचनासमोर प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं, आणि पुढे आयुष्यभर खोडलं नव्हतं. त्या पानाचा खालचा कोपरा बाकी पानांपेक्षा मळका होता, बोटांनी गुळगुळीत झालेला. म्हणजे तिथे ते परत परत येत होते. मी त्या दिवशी जेवढा रडलो तेवढा दफनाच्या दिवशीही रडलो नव्हतो. आणि त्याच रात्री, चार महिन्यांची खंडित प्रार्थना कशीबशी सुरू झाल्यावरही जो शब्द मी टाळत आलो होतो, तो तोंडातून निघाला.

तुझ्या पप्पांच्या पुस्तकात काय निघेल मला ठाऊक नाही. कदाचित नुसत्या गाण्यांच्या पट्ट्या लिहिलेल्या असतील, काळी चार, पांढरी पाच. आजच उघड असंही म्हणत नाही. पण उघडशील तेव्हा त्यातून भविष्य काढू नकोस, 'पप्पांनी माझ्यासाठी निरोप ठेवलाय का' असं शोधू नकोस. ते कुठे थांबायचे तेवढं बघ. आणि जमलं तर आईला शेजारी बसवून उघड. तिला तुझ्यापेक्षा जास्त खुणा वाचता येतील.

आईविषयी थोडं. पस्तीस वर्षांचा संसार झालेली बाई आठ महिने गप्प राहिली तर नवल नाही. तिला बोलतं करण्यापेक्षा तिच्या हाताला काम दे. लक्ष्मीबाई टिळक आठव. त्यांचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण नवऱ्याचं ते काव्य पुढे त्यांनी पुरं केलं. तुझ्या आईने काव्य लिहावं असं नाही. पप्पा नाताळात करंज्यांचं सारण हलवायचे म्हणालीस, तर या वर्षी सारण कोण हलवणार हे तिला ठरवू दे. एक व्यवहाराची गोष्टही सांगून ठेवतो, कारण बाप गेल्यावर कितीतरी चांगली ख्रिस्ती घरं मी कागदांवरून फुटलेली पाहिली आहेत. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवेचा वाटा एक तृतीयांश, उरलेलं मुलांमध्ये सारखं, मुलगा-मुलगी असा भेद नाही. 'आई, इथे सही कर' म्हणणारे काका-मामा निघतात. तिला घाईने कुठेही सही करू देऊ नकोस.

भावाला चर्चला ओढून आणू नकोस. तो देवावर रागावला आहे. ज्याच्यावर विश्वासच उरला नाही त्याच्यावर माणूस सहसा रागावत नाही. त्याच्यासोबत क्रिकेटची मॅच बघ, कबरस्थानात जायचं असेल तेव्हा फक्त विचार, 'गाडीवर सोडतोस का?' लेकरंबाळं, घरदार सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढे सात दिवस ते चांगले मित्र होते. बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

घाईविषयी बोलायचं तर पंडिता रमाबाईंकडे बघ. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. पुढे काही आठवड्यांत आई गेली. तिला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ, चौथी ही मुलगी. उंची कमी म्हणून तिने आपला भार डोक्यावर घेतला, आणि स्मशान तीन मैलांवर. मग बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. देवांवरचा विश्वास या काळात उडालेला होता. बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला, आणि तरी त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की ख्रिस्ती धर्म सापडला तो तेव्हा, ख्रिस्त सापडला तो पुढे आठेक वर्षांनी. वडील गेल्यापासून मोजलंस तर सतरा वर्षं. तू आठ महिन्यांत स्वतःचा हिशेब मागते आहेस.

रमाबाईंच्या वडिलांनी जाताना, दृष्टी गेलेली, अंगात ताकद नाही, अशा अवस्थेत धाकट्या लेकीला घट्ट कवटाळलं आणि सांगितलं, मी तुला देवाच्या हातात दिलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. त्या बापाने ख्रिस्ताचं नाव घेतलेलं नव्हतं. तरी ते शब्द लेकीला आयुष्यभर पुरले, केडगावच्या मुक्ती सदनापर्यंत. ज्यांचे वडील ख्रिस्ती न होता गेले अशी मुलं मला विचारतात, 'पाळकसाहेब, त्यांचं काय?' मी त्यांना अब्राहामाचा प्रश्न देतो: सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? त्यापलीकडे निकाल द्यायला आपल्याला कोणी बसवलेलं नाही.

येणाऱ्या दिवसांचं आधीच ठरवून ठेव, म्हणजे ते अंगावर येणार नाहीत. नाताळ अवघड जाणार. कॅरोलला जायचं नसेल तर नको जाऊस, पण पंचवीसच्या सकाळची उपासना चुकवू नकोस. उशिरा जा, लवकर निघ, चालेल. मार्चमध्ये वर्ष होईल तेव्हा स्मरणाची उपासना घरीच ठेवा, दहा-पंधरा माणसं पुरेत, लांबलचक उपदेश नको, पप्पांच्या आवडीची भजनं जास्त. वसईकडचे आपले कॅथलिक बांधव दोन नोव्हेंबरला कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. आमच्या मंडळीत हे ईस्टरच्या पहाटे होतं. आदल्या दिवशी तरुण संघाची पोरं खुरपी घेऊन गवत काढतात, कोणी क्रूसाला चुना लावतं. पहाटे साडेचारला अंधारात सगळे कबरस्थानात जमतात, थंडी असते, कोणाच्या तरी हातात टॉर्च. पहिलं भजन सुरू होतं तेव्हा कबरींवरची नावं वाचता येत नाहीत. शेवटच्या भजनापर्यंत उजाडतं आणि ती दिसायला लागतात, आपल्या माणसाचं नाव, तारीख, वचन. मी दर वर्षी ते बघतो. तुमच्याकडे अशी पद्धत असेल तर भावाला गाडीवर सोडायला सांग.

आणि पेटीचं. आपल्या लोकांत हा एकच शब्द दोन गोष्टींना आहे, एक सूर देणारी आणि एक मातीत जाणारी, आणि तुझ्या घरात दोन्ही एकाच वर्षी आल्या. पप्पांनी तुला लहानपणी सा रे ग म पर्यंत शिकवलं होतं, पुढे नोकरीत राहून गेलं, असं लिहिलंस. घरच्या पेटीवरचं फडकं कधीतरी काढ. वाजवायची गरज नाही. नुसता भाता हलवून बघ, जास्त दिवस बंद राहिला की कापड आणि चामडं कडक होतं, मग हवा धरत नाही.

येत्या रविवारी आमच्याकडे साडेनऊची उपासना आहे. प्रभूच्या प्रार्थनेच्या वेळी मी तुझ्या वाटची म्हणतो. आईच्या आणि भावाच्या वाटचीही.